आधार कार्ड, खर्डा-भाकरी आणि चार जुन्या राजधान्या

बेळगावला पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना विचारतात, "इथं बघायला काय आहे ओ?" आणि घरातला पुरुषमाणूस ठरलेलं उत्तर देतो, "आंबोलीला जाऊन या, नाहीतर गोवा काय लांब नाही." म्हणजे बेळगाव सोडून सगळं. हे ऐकून ऐकून कंटाळले, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी वडगावात फॉल-पिको करते, ब्लाऊज शिवते. आमची बायकांची भिशी आहे. लग्नसराई संपून हातातली कामं उरकली की आम्ही सगळ्याजणी बसनं कुठंतरी जाऊन येतो. पुरुष नाहीत, गाडी नाही, मुक्काम नाही. सकाळी पाण्याची मोटार बंद करून निघायचं आणि दिवेलागणीला घरात. त्यामुळे पुढं जे सांगणार ते बसनं जाणाऱ्यांसाठी. स्वतःची गाडी असेल त्यांना सोपंच आहे, पण दुपारी देवळाला कुलूप त्यांच्यासाठीही असतं.

बेळगावला कर्नाटकाची दुसरी राजधानी म्हणतात. पुणे-बेंगळूर हायवेवर हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध २०१२ साली उभं राहिलं. हिवाळी अधिवेशन तिथं भरतं, एरवी तिथं शांतता. पण राजधानीपण इथल्या मातीला नवीन नाही. हलशी कदंब राजांची, सौंदत्ती रट्ट राजांची, त्याच रट्टांनी नंतर आपलं ठाणं आणलं ते वेणुग्राम म्हणजे आपलं बेळगाव, आणि कित्तूर देसायांचं. या चार राजधान्या आणि त्यांच्या अंगाखांद्यावरची देवस्थानं बघायला लॉजही लागत नाही.

पहिला नियम: एका दिवसाला एकच दिशा. बेळगावातून रस्ते चारी बाजूंना फुटतात. खानापूरकडं हलशी, धारवाडकडं कित्तूर, बैलहोंगलकडं सौंदत्ती, निपाणीकडं उत्तरेची सगळी ठिकाणं. एका दिशेहून दुसरीकडं आडवं जायचं म्हटलं की बस मिळत नाही, परत सीबीटीला, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्टँडला यावं लागतं. पुण्याचे भाचे मोबाईलवर नकाशा काढून हलशी, सौंदत्ती, गोकाक एका दिवसात बसवतात. गाडीनं होतंही ते. पण मग तीन देवळांत चपला काढल्या नि घातल्या, एवढंच लक्षात राहतं.

केव्हा जाऊ नये

हे आधी सांगते, कारण कुठं जायचं ते सगळे सांगतात.

अधिवेशन चालू असताना हायवेकडची सहल ठरवू नका. साधारण डिसेंबरात असतं. सुवर्णसौधजवळ रोज कुणाचं ना कुणाचं आंदोलन असतं, रस्ता अडतो, आणि शहरातल्या लॉजवर अधिकारी आणि पोलीस उतरलेले असतात. १ नोव्हेंबरला तर घरातच बसा. शहरात राज्योत्सवाची मिरवणूक, आपल्या मराठी लोकांचा काळा दिन, आणि सगळीकडं बंदोबस्त. सीमेवर जरा खुट्ट झालं की दोन्ही राज्यांच्या गाड्या कोगनोळी-निपाणीला अडकून पडतात. कोल्हापूरचे पाहुणे येणार असतील तर आदल्या रात्री बातम्या बघून घ्या.

पावसाळ्यात खानापूरची बाजू हिरवीगार दिसते, पण पाऊस एवढा की छत्रीचा उपयोग नाही. जुलै-ऑगस्टात कृष्णाकाठची गावं धरूच नका. २०१९ चा पूर आठवत असेल, त्या वेळी गोकाकातही पाणी शिरलं होतं. एप्रिल-मे मध्ये सौंदत्तीच्या डोंगरावरची फरशी तव्यासारखी तापते आणि पाय अनवाणी. उरले ते गणपतीनंतरचे आणि संक्रांतीच्या आगंमागंचे दिवस. आम्ही तेव्हाच जातो.

तिकिटाचं गणित

कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना साध्या सरकारी बसमधून फुकट जाता येतं. पण कर्नाटकातल्या रहिवासी असलेल्यांनाच, आणि राज्याच्या आतल्याच प्रवासाला. आधार कार्डावर इथला पत्ता पाहिजे. मूळ कार्ड घ्या, झेरॉक्सवर कंडक्टर वाद घालतात. फुकट असलं तरी शून्य रुपयाचं तिकीट देतात, ते मागून घ्या आणि उतरेपर्यंत जपून ठेवा, चेकर चढला तर तेच दाखवायचं असतं. राजहंस, स्लीपर, एसी असल्या गाड्यांना हे चालत नाही.

आमच्या वन्सं कोल्हापूरच्या. त्यांचं कार्ड महाराष्ट्राचं, त्यामुळे आमच्या भिशीत त्या एकट्या पूर्ण तिकीट काढतात आणि प्रत्येक वेळी कुरकुरतात. उलट आम्ही त्यांच्याकडं गेलो की महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट, तेही त्यांच्या हद्दीपर्यंतच. सीमेवरून जाणाऱ्या गाडीत बसताना कंडक्टरला आधीच विचारून घ्या, म्हणजे निपाणीला पोचल्यावर पर्स उघडून चिल्लर शोधत बसायला नको.

बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. बाहेरून आलेल्या माणसाचा जीव तिथंच दडपतो. घाबरायचं कारण नाही. सीबीटीवर कुणालाही मराठीत विचारा, बोट करून दाखवतात. बैलहोंगलच्या पुढं गेलात की मात्र दोन वाक्यं पाठ असू द्या. "सवदत्तीगे होगतैतेन्री?" म्हणजे सौंदत्तीला जाते का हो. आणि "कोने बस एष्टक्क ऐत्री?" म्हणजे शेवटची बस किती वाजता. हे दुसरं वाक्य उतरल्या उतरल्या विचारायचं, देवाला हात जोडायच्या आधी. आणि दोन माणसांना विचारायचं, एकाच्या सांगण्यावर जाऊ नका.

डबा घरूनच न्या. ज्वारीची कडक भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, दह्याची घट्ट झाकणाची बरणी. हलशी, देगावला हॉटेलचा भरवसा नाही. आणि बायकांसाठी सांगते, तालुक्याच्या स्टँडवरचं स्वच्छतागृह कसंही असलं तरी वापरून घ्या. पुढं गावात कुणाच्या तरी घरी विचारावं लागतं. विचारलं तर नाही म्हणत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

हलशी

मला एकच जागा निवडायला सांगितली तर मी हलशी निवडीन. सौंदत्तीला देव बोलावतो म्हणून जातो आपण, हलशीला आपल्याला वाटलं म्हणून जातो.

बेळगावहून खानापूरच्या गाड्या सतत असतात. रेल्वेनंही जाता येतं, पण वेळ जुळत नाही आणि स्टेशनवरून परत स्टँडवर यावं लागतं. खानापुरातून नंदगडमार्गे हलशीची बस. खानापूरपासून १४ किलोमीटर. ही बस चुकली तर पुढची बराच वेळ नसते, म्हणून बेळगावातून पहाटेची गाडी धरा. हा भाग आपल्याच बोलीचा आहे, नंदगडच्या बाजारात भाव करताना कन्नड आठवायची गरज पडत नाही.

नंदगडला उतरून संगोळ्ळी रायण्णाची समाधी बघून पुढं जाता येतं. कित्तूरच्या राणीचा हा शिलेदार, इंग्रजांनी त्याला २६ जानेवारी १८३१ ला इथं फाशी दिलं. त्याचा जन्म १५ ऑगस्टचा, १७९८ सालचा. या दोन तारखा तिथं प्रत्येक जण तुम्हाला सांगणार, आणि तुम्ही पहिल्यांदा ऐकताय असं दाखवायचं. समाधीजवळच्या वडाला पाळणे बांधलेले दिसतील. मूल व्हावं म्हणून बायका बांधतात. कुणाची टिंगल करू नका, आमच्यातल्याही एकीनं बांधलाय.

हलशी आज शांत खेडं आहे. भात, ऊस, कौलारू घरं. पण पाचव्या शतकात हे पलाशिका होतं, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. त्यांचे ताम्रपट इथंच सापडले. त्यांत मृगेशवर्मा राजानं इथं जिनालय, म्हणजे जैन देऊळ, बांधल्याचा उल्लेख आहे. मग गोव्याचे कदंब आले, त्यांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ आपण बघायला जातो. १२ व्या शतकातलं.

या देवळाची गंमत अशी की यात दोन गाभारे समोरासमोर आहेत. मधे मंडप. तुम्ही एका देवाला नमस्कार केला की दुसऱ्याकडं पाठ होते. एकीकडं बसलेला विष्णू, सुमारे चार फुटांचा, त्याच्या मागं सूर्यनारायण आणि महालक्ष्मी. दुसरीकडं भूदेवीला उचलून धरलेला वराह, पाच फुटांचा. हा वराह विजयादित्य राजानं ११८६-८७ मध्ये बसवला. मंडपात मधोमध उभं राहा, घाई करू नका, डोळे अंधाराला सरावू द्या. आधी काहीच दिसत नाही, मग वराहाचं तोंड दिसतं, मग त्याच्या अंगावरचे दागिने. आम्ही शिवणकाम करणाऱ्या बायका, त्यामुळे दगडातल्या कमरपट्ट्याची नक्षी बघून आमची तासभर चर्चा. पुजारी कंटाळले, पण काही बोलले नाहीत.

बाहेर येऊन शिखराकडं बघा. पायऱ्या पायऱ्यांनी निमुळतं होत गेलेलं, वर कळस. कदंबांच्या शिखराची ही तऱ्हा. कोल्हापूरच्या अंबाबाईचं शिखर डोळ्यांत घेऊन आलेल्याला हे आधी बुटकं वाटतं. जरा वेळ बघितलं की वाटेनासं होतं.

गावात गोकर्णेश्वर, कपिलेश्वर, सुवर्णेश्वर, हाटकेश्वर अशी आणखी शिवमंदिरं आहेत. काहींची पडझड झालीय. टेकडीवर रामेश्वर. सगळं बघायचं ठरवलं तर पाय दुखतील, म्हणून भूवराह आणि त्यानंतर एखादं. देऊळ उघडं नसेल तर आरडाओरडा न करता शेजारच्या घरात विचारा. पुजारी जेवायला गेलेले असतात. दुपारी बारा ते चार हा वेळ कुठल्याही खेड्यातल्या देवळासाठी वाईटच.

कित्तूर, आणि वहिनींचं देऊळ

धारवाड-हुबळीची कुठलीही साधी बस कित्तूरला थांबते. नॉनस्टॉप लिहिलेली थांबत नाही, त्यात बसू नका. जाताना डाव्या-उजव्या बाजूला बघत राहा, सुवर्णसौधचा घुमट दिसेल. वन्संना तो लांबूनच दाखवला, "ही आमची राजधानी." त्या म्हणाल्या, "आत कोण असतं?" उत्तर टाळलं.

कित्तूरची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण गडावर फिरताना ती माहीत नसेल तर पडक्या भिंतींशिवाय काही दिसत नाही. राजा वारला, त्याला मूल नाही, दत्तक घेतला. धारवाडचा कलेक्टर थॅकरे दत्तक मानेना. डलहौसीनं साताऱ्याचं राज्य दत्तक नाकारून घेतलं ते १८४८ मध्ये. कित्तूरवर ही वेळ १८२४ मध्येच आली होती. राणी चन्नम्मा लढली. २३ ऑक्टोबर १८२४ ला थॅकरे मारला गेला. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले आणि किल्ला पडला. राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवलं, तिथंच १८२९ मध्ये ती गेली. समाधी बैलहोंगलात आहे, ती सौंदत्तीच्या वाटेवर बघता येते, त्यासाठी वेगळा दिवस नको. राणीचं माहेर मात्र बेळगावच्या वेशीवरच, काकती.

किल्ल्यात वाड्याचे अवशेष आहेत. भिंती, चौक, न्हाणीघर, विहीर. एका ठिकाणी भिंतीत ध्रुवतारा बघायची नळी बसवलेली आहे, ती शोधून काढा, मुलांना फार आवडते. आवारात वस्तुसंग्रहालय आहे. २३ ते २५ ऑक्टोबर उत्सव असतो. गर्दी आवडत असेल तर तेव्हा, वाडा बघायचा असेल तर तेव्हा नको.

कित्तूरहून पाच-सहा किलोमीटरवर देगाव, कन्नडमध्ये देगांवे. बसची वाट बघू नका, स्टँडवरून रिक्षा ठरवा आणि येण्या-जाण्याचं एकदमच बोलून घ्या, तिथं थांबायचा वेळ धरून. कमलनारायणाचं देऊळ म्हणतात ते हे. कदंब राजा शिवचित्त पेर्माडी, त्याची राणी कमलादेवी, तिनं हे बांधवून घेतलं, १२ व्या शतकातच. आणि हलशीचा वराह बसवणारा विजयादित्य हा त्याच पेर्माडीचा भाऊ. म्हणजे वहिनीचं देऊळ देगावला, दिराची मूर्ती हलशीला. हे मी भिशीत सांगितल्यावर सगळ्याजणींचं मत पडलं की वहिनीचं काम जास्त देखणं. माझंही तेच मत आहे.

तीन गाभारे एका ओळीत. नारायण, लक्ष्मीनारायण आणि कमला. खांब असे गुळगुळीत नि गोल की लेथवर फिरवल्यासारखे. पण खरं काम वर आहे. मान वर करून छत बघा, दगडी कमळं खाली लोंबतात. मान अवघडते, म्हणून आम्ही चक्क सतरंजी टाकून पाठीवर पडून बघितली. रखवालदार हसला, पण अडवलं नाही. आधी विचारून घ्या मात्र. संरक्षित वास्तू आहे, खांबांना टेकू नका, हळद-कुंकू लावू नका. देवाला लावायचं ते गाभाऱ्यात पुजाऱ्याच्या हाती द्या.

हलशी आणि कित्तूर ही दोन्ही एका दिवसात फक्त गाडीवाल्यांना जमतं, बिडीवरून रस्ता आहे. बसवाल्यांनी हावरटपणा करू नये.

सौंदत्तीचा डोंगर

ही सहल नाही, रेणुका-यल्लम्माची यात्रा आहे. वेगळ्या तयारीनं जायचं.

बेळगावहून साधारण ८० किलोमीटर. मंगळवार, शुक्रवार आणि पुनव या दिवशी थेट डोंगरावर जाणाऱ्या गाड्या जास्त, आणि माणसंही. निवांत दर्शन पाहिजे तर बुधवार-गुरुवार बघा. मोठी यात्रा मार्गशीर्ष आणि माघ पुनवेला. मार्गशीर्षात नवरा जमदग्नी गेल्यामुळे देवीच्या बांगड्या फुटतात, माघात ती परत अहेव, म्हणजे सवाष्ण होते, असं मानतात. माघाच्या पुनवेला कोल्हापूर-सांगलीकडून बैलगाड्या येतात, डोंगराखालच्या माळावर चुली पेटतात, देवीच्या गाण्यांना वाजवतात त्या चौंडक्याचा आवाज रात्रभर. त्या गर्दीत लहान मूल नेऊ नका. नेलंच तर खिशात नाव आणि फोन लिहिलेली चिठ्ठी घाला.

रीत अशी: आधी जोगुळभावी. डोंगराच्या अलीकडं सत्यव्वाचं देऊळ आणि कुंड आहे, तिथं अंघोळ किंवा निदान हातपाय धुऊन पुढं. मग डोंगरावरचं एण्णेहोंड हे कुंड. मग रेणुका, यल्लम्मा म्हणा, आपली तीच आई. परशुराम, मातंगी, जमदग्नी यांची देवळं आवारातच आहेत. देऊळ रायबागच्या बोमप्पा नायकानं १५१४ मध्ये बांधलं असं सांगतात. पण गर्दीत देऊळ बघायला वेळ कुठला, रांग पुढं ढकलते आणि "आई उदो"च्या गजरात दर्शन एका श्वासात होतं. म्हणून दर्शन झाल्यावर बाहेरून एक चक्कर मारा, दीपमाळा आणि बाहेरच्या भिंती शांतपणे बघा.

परडी भरायची असेल तर सामान घरून न्या. पीठमीठ, तांदूळ, डाळ, गूळ, भाजी, खण, नारळ. दारात सगळं मिळतं, पण तिथं दर विचारायच्या आतच तुमच्या हातात ताट ठेवलेलं असतं. "मी लावते भंडारा, मी सांगते गाऱ्हाणं" म्हणत कुणी मागं लागलं तर आधी दक्षिणा ठरवा, नाहीतर हात जोडून पुढं व्हा. देवीला मधला माणूस लागत नाही.

भंडाऱ्याचं एक सांगते, हे माझ्या धंद्यातलं. तिथं हळद उधळतात, अंगावर पडणारच. चांगली साडी, फिक्या रंगाची जॉर्जेट नेसून जाऊ नका. सुती, पिवळी-नारिंगी-हिरवी नेसा. डाग पडला तर साबण लावला की तो लाल होतो आणि बायका घाबरतात. घाबरू नका. साबणानं धुवा आणि कडक उन्हात वाळत घाला, दोन-तीन उन्हांत हळद उडून जाते. सावलीत वाळवलं तर राहते.

आणि जोगतिणी, जोगते, म्हणजे देवीला वाहिलेली माणसं, भेटतील. डोक्यावर जग, म्हणजे देवीचा मुखवटा ठेवलेली परडी, घेतलेल्या, गळ्यात दर्शनं, म्हणजे देवीच्या माळा. मोबाईल पुढं करून त्यांचे फोटो काढणारी पोरं बघितली की माझं डोकं फिरतं. देवदासी सोडायला कर्नाटकात १९८२ च्या कायद्यापासून बंदी आहे, आणि तरी यातल्या म्हाताऱ्या बायकांनी काय काय सोसलंय ते त्यांच्याजवळ दोन मिनिटं बसलं तर कळतं. जोगवा मागितला तर पसाभर तांदूळ घाला. फोटो राहू दे.

डोंगरावरून येताना वेळ उरला तर नविलुतीर्थाचं धरण. आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा इथं अडवलीय, डोंगरावरून तिचं पाणी दूरवर दिसतं. रट्टांची राजधानी ती हीच, सुगंधवर्ती म्हणायचे. गावातला किल्ला मात्र त्यांचा नाही, तो शिरसंगीच्या देसायांचा, १८ व्या शतकातला. गाडी असेल तर नऊ किलोमीटरवरचं हुली सोडू नका. पंचलिंगेश्वराचं भलंमोठं जुनं देऊळ आणि आजूबाजूला पडक्या देवळांचा पसारा, बघायला कुत्रंही नसतं.

अर्ध्या दिवसात होणारी

बाळेकुंद्रीला पंत महाराजांची समाधी, आंबराईत. बागलकोट रस्त्यावर, बेळगावहून जवळ. अवधूत परंपरेतले दत्तभक्त, १९०५ मध्ये समाधिस्थ झाले. त्यांची पदं मराठीत आहेत आणि भजनाला कन्नड घरातली माणसं तीच पदं तोंडपाठ म्हणतात. अश्विनात उत्सव असतो, तेव्हा महाप्रसाद.

शिनोळीच्या पुढं देवरवाडीचा वैजनाथ, त्याच्यावर महिपाळगड. हे चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्र. पण बेळगावकर श्रावणी सोमवारी तिथंच जातात. येळ्ळूरचा राजहंसगड चढायला सोपा, वर सिद्धेश्वराचं देऊळ आणि शिवरायांचा मोठा पुतळा. रविवारी संध्याकाळी जाऊ नका, पोरं मोटरसायकली घेऊन येतात.

गोकाकचा धबधबा देवस्थान नव्हे, पण कडेला महालिंगेश्वराचं चालुक्य काळातलं देऊळ आहे, म्हणून सांगते. घटप्रभा ५२ मीटर खाली उडी घेते. १८८७ मध्येच इथं पाण्यावर वीज तयार झाली होती. झुलता पूल कधी चालू, कधी बंद. करदंट ही इथली मिठाई, ती गोकाकातच घ्या.

निपाणीच्या बाजूला तवंदी घाटात स्तवनिधी, जैनांचं क्षेत्र. संकेश्वरला शंकराचार्यांचा मठ आणि शंकरलिंगाचं देऊळ. दोन्ही हायवेलगत, कोल्हापूरहून येताना-जाताना उरकता येतात. चिंचलीच्या मायाक्काला मिरजेच्या रेल्वेनं जा, चिंचली स्टेशन आहेच. माघातली यात्रा सोडून.

देव तिकडं, नंदी इकडं

खिद्रापूर बेळगाव जिल्ह्यात नाही, महाराष्ट्रात शिरोळ तालुक्यात आहे. तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोपेश्वराच्या देवळात सगळं आहे, नंदी नाही. गोष्ट अशी की दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली ती परत आली नाही, शंकर कोपला, आणि त्याला शांत करायला विष्णू आला. म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर शेजारी शेजारी. नंदी राहिला यडूरला, कृष्णेच्या काठीच, पण इकडं कर्नाटकात, चिकोडी तालुक्यात. यडूरला वीरभद्राचं मोठं देवस्थान आहे, दक्षाचा यज्ञ मोडला तो हाच वीरभद्र. राज्यं नंतर पडली, देवाची आणि नंदीची ताटातूट आधीची.

यडूरला चिकोडीहून बस आहे. खिद्रापूरला मात्र मिरज किंवा जयसिंगपूर गाठून कुरुंदवाडमार्गे महाराष्ट्राच्या एसटीनं जाणं बरं. दोन्ही एका दिवसात करायचं तर चारजणींनी मिळून गाडी करा. ही एक सहल मी बसनं करा म्हणणार नाही.

देवळापुढच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आणि छत मधोमध गोल उघडं. खाली तेवढ्याच आकाराची गोल शिळा. सकाळी साडेदहा-अकराच्या पुढं जा, म्हणजे ऊन आत उतरलेलं असतं. बाहेरच्या भिंतीखाली हत्तींची रांग आहे, प्रत्येकावर कुणीतरी बसलेलं. देवगिरीच्या सिंघण यादवाचा शके ११३६ चा, म्हणजे १२१४ चा शिलालेख देवनागरीत आहे. अक्षरं लावायला मजा येते, दोन-चार शब्द नक्की लागतात. बऱ्याच मूर्तींची तोंडं फोडलेली आहेत. जे उरलंय तेही बघून संपत नाही.

परतीची गाडी सुटायला वेळ असेल तर

चौथी राजधानी सीबीटीच्या समोरच आहे आणि तीच लोक बघत नाहीत. पुण्याची बस रात्रीची, म्हणून पाहुणे संध्याकाळभर स्टँडवर बॅगा धरून बसतात. बॅगा ओळखीच्या दुकानात ठेवा आणि खंदकाच्या पलीकडं किल्ल्यात जा. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचिराज, त्यानं १२०४ मध्ये कमल बस्ती बांधली, बस्ती म्हणजे जैन देऊळ. आत नेमिनाथ. मंडपात उभं राहून वर बघा, ७२ पाकळ्यांचं दगडी कमळ उलटं टांगलेलं आहे. देगावची कमळं बघून आला असाल तर दोन्हींची तुलना करत बसायला अर्धा तास पुरत नाही. किल्ल्यातच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे, १८९२ मध्ये विवेकानंद बेळगावला आले तेव्हा राहिले ती जागा. साफा मशीद आहे, दाराशी दुर्गेचं देऊळ आहे.

किल्ल्यात लष्कराची वस्ती आहे. फोटो कुठं काढायचा ते आधी विचारा. अंधार पडायच्या आत बस्ती बंद होते, म्हणून पाचच्या आत पोचा. कुंदा, बेळगावची दुधाची मिठाई, घ्यायचा असेल तर जातानाच घेऊन ठेवा, परतताना दुकानात रांग असते. आणि किल्ल्याच्या दारातून स्टँडवर यायला रिक्षा करू नका. रिक्षावाला लांब आहे म्हणेल, चालत पंधरा मिनिटं लागतात.